वेलांटी आधी की डॉटनेट?

पत्र:

ताई, मी मूळचा सांगलीचा, वय २७, पुण्यात एका कंपनीत सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. (मला अहोजाहो करू नका, प्लीज.) दोन वर्षांपासून घरच्या जुन्या लॅपटॉपवर हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरतोय आणि तिच्यावर जीव जडलाय. माझं म्हणणं असं, की डॉटनेटला (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मला) अधिकृत, पक्का आधार मिळाल्याशिवाय हायकूला भवितव्य नाही. लाखो लोक सी शार्प लिहितात, दार उघडलं तर ते आत येतील. हे तिथल्या एका जुन्या माणसाला बोललो तर तो म्हणाला, ‘हवं असेल त्याने करावं, सिस्टीमला गरज नाही.’ मला ते लागलं. सांगली मार्केट यार्डात माझ्या काकांचं हळदीचं आडत दुकान आहे. त्यांच्या हिशोबपट्टीचा प्रोग्राम मीच सी शार्पमध्ये, विनफॉर्म्स (खिडक्या-बटणं बनवायचं साधन) वापरून लिहिलाय. तो हायकूवर चालवायची फार इच्छा आहे. पुढचे सहा महिने शनिवार-रविवार डॉटनेटच्या पोर्टला (म्हणजे ते हायकूवर चालेल असं करायला) द्यावेत का? आई विचारते, ‘याचे पैसे मिळतात का?’ तसं हायकूवर फायलींची मराठी नावंही धड दिसत नाहीत, वेलांटी भलत्याच बाजूला पडते, पण तो वेगळा विषय झाला.
– हायकूवेडा

अरे हायकूवेड्या,

आईचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. हायकूच्या मागे एक छोटी ना-नफा संस्था आहे, ती देणग्यांवर चालते, आणि २०२१ मध्ये तिने एका डेव्हलपरला पूर्ण वेळ पगारावर घेतलं. बाकीचे बहुतेक तुझ्यासारखेच, सुट्टीच्या दिवशी राबणारे. आईला सांग, मुलगा टर्फवर ताशी हजार रुपये मोजून क्रिकेट खेळत नाही, घरात बसून फुकटात डोकं शिणवतो. आयांना हे पटतं असा माझा अनुभव नाही, पण सांगून बघ.

आता त्या जुन्या माणसाचं बोलणं. तुला ते झिडकारल्यासारखं वाटलं. मी ते तीनदा वाचलं, आणि मला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. ‘हवं असेल त्याने करावं’ हे आमंत्रण आहे. ‘सिस्टीमला गरज नाही’ हे मत आहे, आणि ते मला पटतं. का पटतं ते सांगते. पण हायकू म्हटल्यावर ज्यांना तीन ओळींची कविताच आठवली, त्यांच्यासाठी थोडी जागा खर्च करू दे.

ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली. तिची सिस्टीम बीओएस. १९९६ मध्ये ॲपल नव्या सिस्टीमच्या शोधात होती, बीशी बोलणीही झाली, पण सौदा फिसकटला आणि वर्षअखेरीला ॲपलने स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्टला पसंती दिली. आजचा मॅक त्या घराण्यातला. बी मात्र २००१ मध्ये १ कोटी १० लाख डॉलरच्या शेअर्सवर पामला विकली गेली. त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी ती सिस्टीम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतली. ओपनबीओएस हे नाव २००४ मध्ये बदलून हायकू झालं. बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं नाही की चूक झाल्याचा संदेश हायकू कवितेत यायचा, त्याची ही आठवण. पहिली अल्फा (कच्ची चाचणी आवृत्ती) २००९, पहिली बीटा (त्यापुढची, जरा पक्की) २०१८, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४. घाई हा काही या लोकांचा दुर्गुण नाही.

मी स्वतः २००० साली बीओएस वापरली होती, एका मित्राने सीडीवर लिहून दिलेली. ती विंडोजमधल्याच एका भल्यामोठ्या फायलीत राहायची, वेगळं पार्टिशन नको. प्रत्येक खिडकीचा स्वतःचा धागा (थ्रेड, कामाची वेगळी रांग), म्हणजे एक प्रोग्राम रुसून बसला तरी बाकीच्यांना पत्ता नाही. फायलींनाच गुण चिकटवता यायचे. ओळखीच्या प्रत्येक माणसाची एक फाइल, तिच्यावर नाव, फोन, गाव. मग फोल्डरमध्ये गाव कोल्हापूर असा शोध लावला की कोल्हापूरची माणसं रांगेत उभी. डेटाबेस वगैरे काही नाही, फाइलसिस्टीमच ते करायची. हायकूत हे सगळं आहे आणि तू त्याच्यासाठीच तिथे टिकलास, असा माझा अंदाज आहे.

आता ‘गरज’. कोणाला कशाची गरज आहे हे ठरवायचं तर मशीनसमोर कोण बसतं ते आधी बघावं लागतं. फ्रीबीएसडी ही दुसरी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घे. तिच्यासमोर सर्व्हर सांभाळणारी माणसं. दोन हजारच्या दशकात सर्व्हरवर जावा (सन कंपनीचा प्लॅटफॉर्म) नसेल तर मोठं गिऱ्हाईक दारात उभं करत नसे. सनच्या परवान्यामुळे तयार जावा वाटता येत नव्हता; ज्याला हवा त्याने स्वतः कोड उतरवायचा, परवान्यावर टिचकी मारायची आणि बिल्ड होईपर्यंत, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनेपर्यंत, ताटकळत बसायचं. शेवटी फ्रीबीएसडी फाउंडेशनने सनकडून परवाना मिळवला आणि २००६ मध्ये तयार बायनरी (थेट चालवता येणाऱ्या फायली) दिल्या. तिथे गरज खरी होती, कारण मागणारा माणूस रोज त्या मशीनसमोर बसत होता.

जिओफोन आठवतो? २०१७ मध्ये आला, आत कायओएस नावाची सिस्टीम. सुरुवातीला त्यावर व्हॉट्सॲप नव्हतं, ते २०१८ मध्ये आलं. तोवर आमच्या कामवाल्या मावशींचा एकच प्रश्न: ‘ताई, यात व्हॉट्सॲप कधी येणार?’ त्यात कुठली भाषा चालते, कुठला प्लॅटफॉर्म आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. लोकांना प्रोग्राम हवा असतो. प्लॅटफॉर्म आपल्यासारख्यांना हवा असतो, आणि आपण समजतो की आपल्यामागून लोक येतील.

याची उलटी बाजू मी जवळून पाहिली आहे. आयबीएमच्या ओएस टू या ऑपरेटिंग सिस्टीमने १९९२ मध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवून दाखवले. ‘विंडोजपेक्षा चांगलं विंडोज’ अशी त्यांची फुशारकी होती. मी तेव्हा मुंबईत एका छोट्या कंपनीत ओएस टूसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहीत होते. एके सकाळी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात चहाचा ग्लास. म्हणाले, ‘अगं, विंडोजचंच लिही ना. तिकडेही चालतंय म्हणे.’ झालं. आठ महिन्यांचं काम त्या चहाबरोबर थंड झालं. साहेबांचं गणित चूक नव्हतं, आणि तेच गणित जगभरच्या साहेबांनी केलं. ओएस टूच्या १९९६ च्या वॉर्प ४ आवृत्तीत आयबीएमने जावाही पेटीत घालून दिला. २००५ च्या डिसेंबरात विक्री बंद. ओएस टू बुडाली त्याला कारणं अनेक, पण परक्या प्रोग्रामांना इतकी ऐसपैस जागा दिली की घरचं कुणी लिहीना, हे त्यातलं एक.

तुझ्या डॉटनेटलाही हे लागू पडतं. सी शार्पचा प्रोग्राम हायकूवर चालला तरी त्याला फायलींच्या गुणांची ओळख नसणार, हायकूत प्रोग्राम एकमेकांना निरोप पाठवतात ती पद्धत माहीत नसणार. लिनक्सवर दिसतो तसाच तो तिथे दिसेल. मग माणूस म्हणेल, हे लिनक्सवरच चालवतो की.

पण तू प्रोग्रामर आहेस, तेव्हा तुझ्याच भाषेत हिशोब मांडू.

पहिली गोष्ट, तू पहिला नाहीस. गूगलच्या समर ऑफ कोड या उपक्रमात २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याने हायकूसाठी डॉटनेटचं काम हाती घेतलं होतं. ते आधी नीट वाच, मग उत्साहाचं काय ते ठरव. दुसरी गोष्ट, सी शार्पचा कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारा) सी शार्पमध्येच लिहिलाय. म्हणजे हायकूवर डॉटनेट बांधायला आधी डॉटनेट हवं. लिनक्सवर बसून हायकूसाठी बिल्ड करायचं, ते उचलून इकडे आणायचं, चाललं नाही की पुन्हा लिनक्सवर. तिसरी गोष्ट मोठी मजेशीर आहे. बाकी युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमांत चूक कळवायचे आकडे धन असतात, हायकूत ते ऋण आहेत, बीओएसपासूनचा वारसा. जगातल्या कितीतरी कोडमध्ये चूक परत पाठवताना आकड्यापुढे उणे लावायची सवय आहे. हायकूत त्या उण्याचं अधिक होतं आणि प्रोग्राम समजतो सगळं आलबेल आहे. मेमरी संपल्याचा आकडा तर ३२ बिटांत मावणारी सगळ्यात लहान संख्या, उणे २१४७४८३६४८. तिला उणे करायला जा, ती तशीच राहते! जुन्या कोडसाठी आकडे उलटवून देणारी सोय हायकूत आहे, पण ती कुठे लावायची आणि कुठे नाही हे शोधण्यात एक अख्खा रविवार जातो.

हे सगळं जमलं असं धरू. डॉटनेटची नवी आवृत्ती दरवर्षी नोव्हेंबरात येते. जास्त काळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीलाही तीन वर्षांनी निरोप. तुझे सहा महिने संपतील तेव्हा पुढची आवृत्ती उंबऱ्यावर असेल. बदल डॉटनेटच्या मूळ रेपोत (कोडच्या साठ्यात) गेले असतील तर निम्मं ओझं उतरतं. नुसते तुझ्या घरी पॅच (सुट्या दुरुस्त्या) म्हणून पडून राहिले तर दर दिवाळीनंतर तुझी दिवाळी. अधिकृत आधार मागणं म्हणजे हे ओझं मूठभर माणसांच्या डोक्यावर कायमचं ठेवणं. त्या जुन्या माणसाने बहुधा आयुष्यात असे चार-पाच पोर्ट अनाथ झालेले पाहिले असतील.

आणि पदरात काय पडणार? कमांडवर चालणारी साधनं आणि वेब सर्व्हर. हायकूवर सर्व्हर कोण चालवतं? खिडक्या-बटणांचे जे डॉटनेट प्रोग्राम लोक वापरतात ते विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफवर उभे आहेत, आणि ही दोन्ही आजच्या डॉटनेटमध्ये फक्त विंडोजवर चालतात. म्हणजे ज्या प्रोग्रामसाठी तू हा सगळा डोंगर पोखरणार, तो काकांचा हिशोबपट्टीचा प्रोग्राम पोर्ट पूर्ण झाल्यावरही हायकूवर उघडणार नाही. हे तुला माहीत असायला हवं होतं रे. रोज सी शार्प लिहितोस! डॉटनेटची मुक्त आवृत्ती असलेल्या मोनोने एके काळी विनफॉर्म्सची स्वतःची नक्कल करून ते लिनक्सवर चालवलं होतं. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोनो हा वाइन या, विंडोजचे प्रोग्राम इतर सिस्टीमवर चालवणाऱ्या प्रकल्पाच्या हवाली केला. हायकूवर वाइन आलेलं आहे. एक संध्याकाळ काढून काकांचा प्रोग्राम त्यातून उघडतो का बघ. उघडला तर फोटो काढ, नाही उघडला तर जेवायला जा.

क्यूटीशी (खिडक्यांचे प्रोग्राम लिहायच्या साधनांच्या एका संचाशी) तुलना कर म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. क्यूटी हायकूवर आलं तेव्हा त्यामागून वापरण्याजोगे, खिडक्यांचे, माणसांच्या कामाचे प्रोग्राम ढिगाने आले. तिथे दार उघडलं आणि लोक खरंच आत आले. म्हणून मी प्लॅटफॉर्म आणण्याच्या विरोधात नाही. कुठल्या दाराबाहेर कोण उभं आहे एवढंच आधी डोकावून बघावं.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. वेलांटी भलत्या बाजूला पडते, ‘पण तो वेगळा विषय झाला’. मला तर पत्रातला तोच विषय वाटला.

वाचकांसाठी थोडं खुलासेवार. ‘हि’ लिहिताना आपण वेलांटी अक्षराच्या आधी काढतो, पण संगणकात आधी ह साठवला जातो, मग वेलांटी. दाखवताना कुणीतरी ती उचलून ह च्या डावीकडे नेऊन ठेवावी लागते. ट आणि ट जोडून ट्ट करावा लागतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. हे काम करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळे तीच वापरतात. हायकूचा स्वतःचा पडदा रंगवणारा भाग हे करत नाही. साठवलेल्या क्रमाने एकामागून एक आकार मांडत जातो. क्यूटीचे प्रोग्राम स्वतःची हार्फबझ बरोबर घेऊन येतात, म्हणून त्यात तेच नाव नीट दिसत असेल, करून बघ.

म्हणजे स्थिती अशी: ज्या सिस्टीमचं सगळं वैभव फायलींच्या नावांत आणि गुणांत आहे, तिच्या फोल्डरमध्ये एक मराठी माणूस आपल्या काकांच्या दुकानाचं नाव वाचू शकत नाही. आणि त्या माणसाला वाटतं की गरज डॉटनेटची आहे!

मी तुझी थट्टा करत नाहीये. आपल्या सगळ्यांचं असंच झालंय. ऑफिसात दिवसभर जे हाताळतो तेच जगाला हवंय असं वाटतं, आणि घरी जे खुपतं त्याची सवय होऊन जाते. पण विचार कर, डॉटनेट हायकूवर आणू शकणारी माणसं जगात कुठेही असू शकतात, त्यांना मराठी येण्याची गरज नाही. वेलांटी चुकली हे बर्लिनमधल्या हायकूवाल्याला दिसणारच नाही. त्याच्यासाठी दोन्ही चित्रं सारखीच. ते दिसायला तू हवास, किंवा बंगाली, नेपाळी, तमिळ कुणी. त्यांच्याही लिपीचं दुखणं तेच.

सोपं आहे असं मात्र समजू नकोस. नव्वदच्या दशकातल्या एपीआयने (प्रोग्राम सिस्टीमशी ज्यातून बोलतात त्या ठरलेल्या फंक्शनांनी) गृहीत धरलंय की एका अक्षराला एक आकार आणि एक रुंदी. त्यातल्या बीफाँट या फाँटच्या भागात रुंद्या मागायचं जे फंक्शन आहे ते अक्षरं मोजतं आणि तेवढ्याच रुंद्यांचा तक्ता भरून देतं. ‘ट्टी’ ही साठवणीत चार चिन्हं, पडद्यावर एक जोडाक्षर आणि त्याला वेलांटी. रुंदी कोणाच्या नावावर लिहायची? कर्सर मधे थांबवायचा कुठे? ओळ तोडायची कुठे? शिवाय ३२ बिटांच्या हायकूवर जुने बीओएसचे प्रोग्राम चालत राहिले पाहिजेत हा त्यांचा शब्द आहे, तो मोडून चालणार नाही. सहा महिन्यांत हे संपणार नाही. कदाचित डॉटनेटपेक्षा अवघड निघेल.

म्हणून तुकडा लहान तोड. पहिल्या महिन्यात सिस्टीमला हात लावू नकोस. एक छोटा हायकू प्रोग्राम लिही, सी++ मध्ये. (हो, सी++. थोडं रडशील, मग बरं वाटेल.) एक खिडकी, तिच्यात एक मराठी ओळ. हार्फबझकडून आकार आणि जागा घ्यायच्या, फ्रीटाइप या अक्षरं रंगवणाऱ्या लायब्ररीने ते बिटमॅपवर (ठिपक्यांच्या चित्रावर) उतरवायचे, बिटमॅप खिडकीत दाखवायचा. खाली तीच ओळ हायकूच्या नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही एकाखाली एक दिसली की बर्लिनवाल्यालाही फरक कळेल. ते चित्र घेऊन त्या जुन्या माणसाकडे जा आणि विचार, हे सिस्टीमच्या आत न्यायचं तर पहिला पॅच कुठे द्यावा? भवितव्यावर भाषण देऊ नकोस. असल्या लोकांना चालणारा कोड दाखवला की त्यांचा आवाज बदलतो, हे मी पाहिलंय.

डॉटनेट सोडून दे असंही नाही. आहे तो पोर्ट उतरवून घे, तुझे चार कमांडवरचे प्रोग्राम चालव, काय मोडलं ते नीट लिहून कळव. महिन्याला एक रविवार पुरे. सी शार्प रोज हाताळणाऱ्याने लिहिलेली चुकांची नोंद त्यांना सोन्यासारखी वाटेल.

काकांना मात्र स्पष्ट सांग, की पट्टी विंडोजवरच निघणार. हळदीच्या हंगामात, शेतकरी समोर उभा असताना, हमाली-तोलाई वजा करून हातात कागद द्यायचा असतो. तिथे बीटा सिस्टीम घेऊन जाशील तर काका तुलाच पोत्यावर बसवतील.

चाचणीच्या ओळीला ‘हिशोबपट्टी खर्च’ हेच नाव घे. पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी, मधे ट्ट, शेवटी रफार, तिन्ही दुखणी त्यात आहेत. तिन्ही जागेवर बसली की मला चित्र पाठव.

– ताई